वीज कुठवर आली?

यंत्र बंद पडले, की माणसांचे स्वभाव उघडे पडतात. कोणी त्याच्या पाठीवर थाप मारून पाहतो. कोणी त्याचे बटण पुन्हा पुन्हा दाबत राहतो, जणू पहिल्या नऊ वेळा यंत्राला ते ऐकूच गेले नव्हते. कोणी त्याला शेवटचा हात कोणाचा लागला होता, याची चौकशी आरंभतो. आणि एखादा 'संपले त्याचे आयुष्य' असे म्हणून त्यावर जुने कापड पांघरतो. यंत्राला नेमके काय झाले आहे, हे विचारण्याचे मात्र यांपैकी कोणाच्याच मनात येत नाही.

मुक्या यंत्राला विचारायचे तरी कसे? २०२० सालच्या पावसाळ्यात श्रीवर्धन तालुक्यातील समुद्रकाठच्या एका गावी एका तेरा वर्षांच्या मुलीने बंद पडलेल्या संगणकाला एकामागून एक प्रश्न विचारले, आणि त्यानेही त्यांची उत्तरे दिली. त्या दोघांतला हा संवाद तीन दिवस चालला होता.

ती मुलगी मुंबईची. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या म्हणून चार दिवसांसाठी ती आजोळी आली, आणि टाळेबंदीमुळे तिथेच राहिली. आजोळचे घर जुने, कौलारू. पुढे ओटी, मागे पडवी आणि पडवीच्या पायरीपासून थेट पुळणीपर्यंत गेलेली वाडी. वाडीत माड होते, पण घराचा खरा आधार पोफळींचा. श्रीवर्धनची रोठा सुपारी दूरदूरच्या बाजारांत नावाने ओळखली जाते. पोफळ हे झाड मोठे नाजूक. त्याला पाणी हवे, सावली हवी, वाऱ्यापासून आडोसा हवा. आणि इतके लाड पुरवूनही फळ धरायला ते सहा-सात वर्षे लावते. म्हणून वाडीवाला माणूस आजचा हिशेब करीत नाही. तो नातवंडांच्या काळाचा हिशेब करतो.

आजोबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. वाडीतील प्रत्येक पोफळीच्या खोडावर त्यांनी तांबड्या रंगाने क्रमांक घातला होता. कोणती पोफळ कोणत्या साली लावली, तिचे बी कोणत्या झाडाचे, कोणत्या वर्षी तिला किती घड आले, कोणती कोळेरोगाने गेली, हे सारे त्यांनी चाळीस वर्षे वह्यांत टिपून ठेवले होते. शेजारी या छंदाला हसत. परंतु हा छंद आजोबांना लागला त्यालाही एक कारण होते. नोकरीच्या आरंभी ते एकदा विद्यार्थ्यांची सहल घेऊन अलिबागेस गेले होते, आणि तेथील चुंबकीय वेधशाळा त्यांच्या मनात घर करून बसली होती.

त्या वेधशाळेची हकीकत ऐकण्याजोगी आहे. मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरील खळबळीमुळे पृथ्वीवर जे प्रचंड चुंबकीय वादळ झाले, त्याची नोंद कुलाब्याला झाली होती. जगातील अभ्यासक ती आजही काढून पाहतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. तारेतून वीज वाहू लागली, की तिच्याभोवती चुंबकत्व निर्माण होते. मग पृथ्वीचे कोणते आणि ट्रामचे कोणते, हे त्या नाजूक सुयांनी कसे ओळखावे? तेव्हा वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी हे काम खाडीपलीकडे, अलिबागेस नेले. तेथील इमारती बांधताना लोखंडासारखे चुंबकाकडे ओढले जाणारे पदार्थ कटाक्षाने टाळण्यात आले. १९०४ मध्ये काम सुरू झाले. पण जुनी जागा एकदम सोडली नाही. दोन वर्षे दोन्हीकडे बरोबरीने नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या नोंदींचा धागा नव्यांना बिनचूक जोडता यावा. 'नोंद तुटता कामा नये,' हे वाक्य आजोबा त्या सहलीहून घेऊन आले आणि वाडीला लावून मोकळे झाले.

निवृत्तीनंतर त्यांच्या मुलाने, म्हणजे त्या मुलीच्या मामाने, त्यांना एक संगणक आणून दिला. मोठी उभी पेटी, वेगळा पडदा, वेगळा कळफलक. आजोबा एका बोटाने देवनागरी लिहायला शिकले, आणि रोज दुपारी थोडे थोडे करीत तीन वर्षांत सगळ्या वह्या त्यांनी त्यात उतरविल्या. वह्या ट्रंकेत घालून माळ्यावर गेल्या.

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. हे नाव बांगलादेशाने सुचविलेले होते. नाव ठेवणाऱ्याला त्यातला विनोद जाणवला होता की नाही, कोण जाणे. वारा ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाने वाहत होता. वादळाची सूचना आधी मिळाली होती, म्हणून आजोबांनी सकाळीच संगणकाच्या वायरी काढून तो ताडपत्रीत गुंडाळला आणि लाकडी कपाटात बंद केला. माळ्यावरच्या ट्रंकेचा विचार कोणाच्या मनात आला नाही. दुपारी कौले पत्त्यांसारखी उडाली. माळ्यावर पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवशी ट्रंक उघडली, तेव्हा चाळीस वर्षांची निळी शाई पानापानांवर पसरली होती आणि अक्षर म्हणून एकही लागत नव्हते.

वाडीत तर पाहवत नव्हते. पोफळी मध्येच मोडून एकमेकींवर पडल्या होत्या. आजोबा दोन दिवस ओटीवरच बसून होते. तिसऱ्या दिवशी नातीने एक जुने कॅलेंडर काढले, त्याच्या कोऱ्या पाठीवर रकाने आखले, आणि ती वाडीत शिरली. जी पोफळ उभी असेल तिच्यापुढे एक खूण, जी पडली असेल तिच्यापुढे दुसरी. तांबडे क्रमांक शोधत, पडलेल्या खोडांवरून चढत-उतरत तिने आठ दिवसांत सारी वाडी मोजली. परंतु नुसत्या क्रमांकांवरून काय कळणार? नवी रोपे करायची तर उत्तम पोफळीचे बी हवे. उभ्या राहिलेल्यांपैकी चांगल्या घराण्याच्या कोणत्या, वर्षानुवर्षे भरभरून देणाऱ्या कोणत्या, हे सांगणारी नोंद आता फक्त कपाटातल्या पेटीत होती.

आणि वीज नव्हती. खांब आडवे झाले होते, तारा शेतांत लोळत होत्या. किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. या घरी दिवा लागला तो जुलै उजाडल्यावर. त्या दिवशी आजीने देवापुढे साखर ठेवली, आणि आजोबांनी ताडपत्री सोडून संगणक मेजावर मांडला. वायरी जोडल्या. बटण दाबले.

काहीच झाले नाही. ना दिवा, ना पंख्याची घरघर.

आजोबांनी आणखी दोनदा बटण दाबले. मग काही न बोलता ते वाडीकडे निघून गेले. "गेला बिचारा," आजी म्हणाली. "खारा वारा माणसाला सोडत नाही, तो यंत्राला काय सोडणार!"

आजीचे हे म्हणणे अर्ध्याहून अधिक खरे होते, हे पुढे दिसून आले.

मामा मुंबईत एका कार्यालयातील संगणकांची देखभाल करीत असे. टाळेबंदीमुळे त्याला गावी येणे शक्य नव्हते. संध्याकाळी दूरध्वनीची लहर जराशी सापडली, तेव्हा मुलीने त्याला सारे सांगितले. "मामा, संगणक सुरूच होत नाही."

"ते मला कळलं. पण वीज कुठवर आली?"

"म्हणजे?"

"वाडीला पाणी लावताना शेवटच्या पोफळीला पाणी पोचलं नाही, तर आजोबा काय करतात?"

मुलीने ते अनेकदा पाहिले होते. आजोबा पोफळीकडे पाहत बसत नसत. ते विहिरीपासून निघत आणि पाटाच्या काठाने चालू लागत. इथे पाणी आहे, इथे आहे, इथेही आहे, इथे नाही. मग जिथे आहे आणि जिथे नाही, त्या दोन पावलांच्या मध्ये खेकड्याचे बीळ किंवा साचलेला पाला हमखास सापडे.

"तसंच विजेचं," मामा म्हणाला. "भिंतीपासून चालायला लाग. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन बदललीस आणि संगणक सुरू झाला, तर तो कशामुळे झाला, हे तुला कधीच कळणार नाही." एवढे बोलून लहर तुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मेजावरचा दिवा उचलला. तो भिंतीतील जागेत लावला, दिवा पेटला. म्हणजे वीज इथवर होती. भिंतीपासून मेजापर्यंत एक एक्स्टेन्शन बोर्ड होता. संगणक आणि पडदा दोन्ही त्यालाच जोडलेले. दिवा त्यात लावला, पेटला नाही. दुसऱ्या छिद्रात लावला, तरीही नाही. इथे नाही! बोर्डाची पिन तिने नीट निरखली. पितळेवर हिरवट थर चढला होता. तो बोर्ड बाजूला ठेवून तिने पडद्याची आणि पेटीची वायर थेट भिंतीत लावली. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक पिवळा ठिपका उजळला. ती आनंदाने ओरडली, "आजोबा, सापडलं!"

आजोबा धावत आले. पेटीचे बटण दाबले गेले. पडदा जागा होता, पेटी मुकीच.

एक दोष सापडला, म्हणजे दुसरा नसलाच पाहिजे, असे मानण्याचा मोह मोठ्यामोठ्यांना आवरत नाही. मुलीचा चेहरा उतरला खरा. परंतु सकाळपेक्षा आता तिला एक गोष्ट अधिक ठाऊक होती. पाटाचा पहिला भाग मोकळा झाला होता.

पुढचा भाग म्हणजे पेटीची वायर. ती चांगली की वाईट? घरात जास्तीची वायर नव्हती. मग तिच्या ध्यानात आले, की पडद्याची वायर आणि पेटीची वायर अगदी सारख्या आहेत. तिने त्यांची अदलाबदल केली. पेटीच्या वायरीवर पडद्याचा ठिपका पूर्वीसारखाच उजळला. वायर निर्दोष. पेटीच्या पाठीमागे एक लहानसे बटण असते, एका अंगाला रेघ आणि दुसऱ्या अंगाला वर्तुळ असलेले. झाडलोट करताना कोणाचा हात लागून ते वर्तुळाकडे कलले, की पुढचे बटण कितीही दाबले तरी व्यर्थ. तेही तिने पाहिले. ते रेघेवरच होते. प्रत्येक उत्तर ती वहीत लिहीत होती. आजोबा आता वाडीत गेले नाहीत. ते खुर्ची घेऊन बाजूला बसले आणि वहीकडे पाहू लागले.

संध्याकाळी पुन्हा मामाशी बोलणे झाले. "आता पेटी उघडायची," तो म्हणाला. "पण आजोबा जवळ असतील तरच. आधी वायर भिंतीतून काढायची, मग पुढचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाईल. आणि ज्या लोखंडी डबीत वायर जाते, ती डबी उघडायची नाही. मीसुद्धा उघडत नाही."

त्या डबीला एसएमपीएस म्हणतात. भिंतीतून येते ती वीज २३० व्होल्टची, आणि तिची दिशा सतत उलटसुलट होत असते. एका सेकंदात अशी पन्नास आवर्तने होतात. संगणकाच्या आतील नाजूक भागांना ती सोसवत नाही. त्यांना १२, ५ आणि ३.३ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. हे रूपांतर ती डबी करते. तिच्या पोटात विजेचा साठा करणारे भाग असतात, आणि वायर काढून घेतल्यावरही काही काळ ते धक्का देऊ शकतात. मामाचा निरोप कडक होता, तो यामुळे.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेटीची बाजू उघडली. आत धुळीची गादी होती, मुंग्यांची वाळलेली रांग होती, आणि एका कोपऱ्यात पालीच्या अंड्यांची दोन पांढरी टरफले. आजी म्हणाली, "हीच ती! पालीनं घात केला." ही शंका अगदीच अस्थानी नव्हती. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातील 'मार्क दोन' या अवाढव्य गणकयंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी असाच एक पतंग अडकलेला सापडला होता. तेथील लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून खाली टीप लिहिली, आणि ते पान आजही जपून ठेवलेले आहे. परंतु त्या लोकांना पतंग दोषाच्या नेमक्या जागी सापडला होता. इथे टरफले पडली होती ती रिकाम्या कोपऱ्यात. त्यांचा कशालाच स्पर्श होत नव्हता. जे विचित्र दिसते तेच कारण असेल, असे नाही. मुलीने रंगाच्या कोरड्या कुंचल्याने हळुवारपणे धूळ झाडली, टरफले उचलली, आणि वहीत 'पाल : बहुधा निर्दोष' असे लिहिले.

मग मामाच्या सांगण्याप्रमाणे, पेटीत कुठेही हात न घालता, आजोबांनी वायर भिंतीत लावली. आतल्या मोठ्या हिरव्या फळीवर, जिला मदरबोर्ड म्हणतात तिच्यावर, मोहरीएवढा एक दिवा लागला.

"आजोबा, वीज इथवर आली!"

आजोबा पुढे वाकले. त्यांच्या चष्म्याच्या काचेत तो हिरवा ठिपका चमकला. डबी जिवंत होती. फळीपर्यंत पाणी पोचले होते. आता पाट फारसा उरलाच नव्हता.

योगायोगाने लहर चांगली होती आणि मामा सापडला. मुलीला घाई झाली होती. "मामा, माझी मैत्रीण म्हणते, रॅमची पट्टी काढून खोडरबरानं पुसली की संगणक सुरू होतो. पुसू का?" हा उपाय गावोगावी प्रसिद्ध आहे, आणि खोटाही नाही, पट्टीच्या पिवळ्या दातांवरचा मळ खोडरबराने खरोखर निघतो. परंतु तापावरचे औषध मोडलेल्या हाडाला देऊन काय उपयोग?

"पंखा फिरतो का?" मामाने विचारले.

"नाही."

"पंखा फिरला असता आणि पडद्यावर काही आलं नसतं, तर मी तुला रॅम पुसायला सांगितलं असतं. पंखा क्षणभर फिरून थांबला असता, तर कुठंतरी दोन तारा नको तिथं भेटल्यात, असं म्हणालो असतो. पण इथं दिवा आहे आणि पंखा हलतसुद्धा नाही. म्हणजे वीज दाराशी उभी आहे, आणि तिला कोणी 'ये' म्हणत नाही."

भिंतीवरचे बटण आणि संगणकाचे बटण यांत मोठाच फरक आहे. भिंतीवरचे बटण म्हणजे दार. ते उघडले की वीज आत शिरते. संगणकाच्या पुढचे बटण दार नव्हे, ती घंटा आहे. ते दाबले असता दोन बारीक तारांची टोके क्षणभर एकमेकांना भिडतात. मदरबोर्डाला ती वर्दी मिळते, आणि तो डबीला 'आता पूर्ण जागी हो' असा इशारा देतो. या साऱ्या अवजड पेटीची जाग त्या क्षणभराच्या स्पर्शावर अवलंबून असते. आणि तो स्पर्श जिथे व्हायचा ती जागा पेटीच्या दर्शनी भागावर, खिडकीकडे तोंड करून, समुद्राचा वारा खात बसलेली.

त्या वाऱ्यात डोळ्यांना न दिसणारे मिठाचे कण असतात. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते ते याचमुळे. धातूवर मीठ बसले, की त्यावर ओलसर खारट पापुद्रा धरतो. मग लोखंडाला गंज चढतो, तांब्यापितळेवर हिरवट थर येतो, आणि दोन टोके भिडूनही त्यांच्यामध्ये हा थर भिंतीसारखा उभा राहतो. एक्स्टेन्शन बोर्डाला जे झाले होते तेच इथे झाले असावे. महिनाभर उडालेल्या कौलांखालची ओल, त्यात कोणी बटणाला हातही लावलेला नाही. थराला आयतीच सवड मिळाली.

"पण हे झालं नुसतं अनुमान," मामा म्हणाला. "ते तपासायचं कसं, सांगतो. मोठ्या बटणाशेजारी एक बारीक बटण आहे, पाहा. संगणक मध्येच अडला तर तो पुन्हा आरंभापासून चालू करण्यासाठी ते असतं. तुम्ही ते कधी वापरलंच नसेल. त्याच्याही दोनच तारा आहेत. वायर भिंतीतून काढ. मोठ्या बटणाच्या तारांचं टोक मदरबोर्डावरून उपट आणि त्या जागी बारीक बटणाच्या तारांचं टोक बसव. घंटा बदल, म्हणजे झालं."

वायर काढली. बटण दाबून धरले. हिरवा ठिपका मावळला. मदरबोर्डाच्या कोपऱ्यात सुईसारख्या पिनांच्या दोन ओळी होत्या आणि त्यांवर रंगीत तारांची टोके बसविलेली. अक्षरे इतकी बारीक, की आजोबांनी आपला चष्मा काढून भिंगासारखा धरला आणि नातीने त्यातून ती वाचली. एक टोक उपटले, दुसरे बसविले. पुन्हा वायर लावली. ठिपका उजळला.

"दाब," आजोबा म्हणाले.

"तुम्ही दाबा, आजोबा."

"अगो, पाट तू शोधलास. दाब."

तिने बारीक बटण दाबले. पंखा एकदा थरथरला आणि फिरू लागला. त्याच्या वाऱ्याने उरलेली धूळ उडून आजोबांच्या नाकात गेली, आणि घरातला पहिला आवाज झाला तो त्यांच्या शिंकेचा. पडदा उजळला. आजी पदराला हात पुशीत माजघरातून बाहेर आली.

पडद्यावर प्रथम एक सूचना आली आणि खाली तारीख दिसली : १ जानेवारी २००९. मुलगी घाबरली, मामा मात्र दूरध्वनीवर हसला. मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखी एक घटमाला असते, तीन व्होल्टची. संगणकाला वीज मिळत नसते तेव्हा त्याचे घड्याळ तिच्या बळावर चालते. ती आधीच जुनी होती. महिनाभराच्या अंधारात संपून गेली, आणि घड्याळ आपल्या पहिल्या दिवशी परत गेले. त्या पेटीच्या लेखी वादळ अजून झालेच नव्हते. वाडी उभी होती. आजोबा क्षणभर त्या तारखेकडे पाहत राहिले. मग त्यांनी कळफलक ओढून घेतला आणि एका बोटाने, सावकाश, आजची तारीख घातली.

वाडीची नोंद जशीच्या तशी होती. क्रमांक, साल, बीजाचे झाड, घड. आजोबांनी पडद्यावरून बोट फिरवीत एक-दोन ओळी वाचल्या आणि ते गप्प झाले. आजीने न विचारता त्यांच्यापुढे पाण्याचे भांडे ठेवले.

"बाबा, आता आधी दुसरी प्रत करा," मामा सांगत होता. "पेटी पुन्हा कधी बंद पडेल, सांगता येत नाही. खरं म्हणजे ती अगदीच सुरू झाली नसती, तरी आतली हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता आली असती. नोंद बहुधा वाचलीच असती. पण ती डिस्कच गेली तर?"

"हे तू आधी का नाही सांगितलंस?" मुलगी म्हणाली. "मी तीन दिवस घाबरले होते!"

"सांगितलं असतं, तर तू इतकं नीट शोधलं असतंस का?" मामा म्हणाला. हे त्याचे म्हणणे बरोबर होते की नाही, यावर मायलेकांत पुढे थोडा वाद झाला. आजीच्या मते ते मुळीच बरोबर नव्हते.

घरात दोन पेनड्राइव्ह होते. एकावर प्रत करून तो आजीच्या डब्यांच्या फडताळात, तांदळाच्या कोरड्या डब्यात ठेवला. दुसरा गाड्या सुरू झाल्या की मुलीबरोबर मुंबईला जाणार होता. "दोन्हीकडे नोंद हवी," आजोबा म्हणाले. आणि कुलाबा-अलिबागची ती जुनी गोष्ट त्यांनी पुन्हा एकदा सांगितली. या खेपेस ती कोणी मध्येच तोडली नाही. मोठे बटण तसेच मुके राहिले. त्यावर कोणाचा हात चुकून पडू नये म्हणून आजीने कागदाची एक चिठ्ठी चिकटवून टाकली.

दुपारी पाऊस उघडला. आजोबांनी नोंदीच्या शेवटी नवे पान काढले आणि वर लिहिले : '३ जून २०२०.' मुलगी कॅलेंडराचा तो पाठकोरा कागद घेऊन शेजारी बसली.

"क्रमांक एक," तिने वाचले.

"हं."

"उभी."

आजोबांनी लिहिले. वाडीतून ओल्या पाचोळ्याचा वास येत होता.

"क्रमांक दोन. पडली."

आजोबांचे बोट कळफलकावर थोडे थांबले, मग चालू लागले.

"क्रमांक तीन?"

"उभी, आजोबा. तीनही उभी आहे."